विवर, विवरण आणि शीव

‘विवर’ आणि ‘विवरण’ हे दोन शब्द आपण इतक्या निरनिराळ्या ठिकाणी वापरतो की त्यांचं नातं सहसा लक्षातच येत नाही. विवर डोंगरात असतं, ज्वालामुखीच्या माथ्यावर असतं, लोणारला उल्केनं पाडलेलं असतं. विवरण असतं अंदाजपत्रकाचं, प्राप्तिकराचं, एखाद्या अवघड ओवीचं. पण दोघांचं मूळ एकच, संस्कृतातला ‘वृ’ हा धातू. त्याचा अर्थ झाकणे. आवरण त्याचंच, संवरण त्याचंच. त्याला ‘वि’ लागला की अर्थ फिरतो आणि झाकलेलं उघडं होतं. जमीन जिथे उघडी पडली ते विवर, अर्थ जिथे उघडा केला ते विवरण.

आधुनिक भौतिकशास्त्रातला एक मोठा प्रश्न मराठीत मांडायला हे दोन शब्द पुरतात. कृष्णविवर स्वतःचं विवरण देतं का? त्याच्या पोटात जे जे गेलं त्याचा हिशेब कुठे तरी लिहिलेला राहतो, की कायमचा पुसला जातो? १९७६ साली स्टीफन हॉकिंग यांनी तो पुसला जातो असं मांडलं. २००४ मध्ये त्यांनीच आपलं मत बदललं. मधल्या काळात बहुतेक सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ ‘हिशेब राहतो’ या बाजूला झुकले होते, आणि त्यांना झुकवणारी मुख्य कल्पना होती होलोग्राफिक ड्युअॅलिटी. असंख्य कणांच्या क्वांटम समूहाचं वर्णन आणि कृष्णविवर असलेल्या एका गुरुत्वाकर्षणाच्या जगाचं वर्णन, ही दोन्ही एकाच गोष्टीची वर्णनं असू शकतात, असं ही कल्पना सांगते. तिच्याभोवतीचे शब्द एकेक करून उलगडले तर कल्पनाही बरीच उलगडते, असा माझा अनुभव आहे. आणि मराठीत तिच्यासाठी जो शब्द सहज सुचतो तो चुकीच्या वाटेनं नेतो, हे मला मुख्यतः सांगायचं आहे.

आधी कृष्णविवर. इंग्रजीत ‘ब्लॅक होल’ हे नाव रूढ केलं जॉन व्हीलर यांनी, १९६७च्या सुमारास. छापील उल्लेख त्याआधीचा, १९६४च्या जानेवारीतला, अॅन युइंग या विज्ञानपत्रकार बाईंच्या लेखातला. रशियन शास्त्रज्ञ तोवर ‘गोठलेला तारा’ म्हणत, कारण दुरून पाहणाऱ्याला कोसळणारा तारा एका मर्यादेपाशी गोठल्यासारखाच दिसायला हवा. मराठीत ‘होल’साठी निवड करायला भरपूर वाव होता. पण भोक पत्र्याला पडतं. बीळ उंदराचं किंवा सापाचं, त्यात कुणी तरी राहतं. खड्डा भरून काढता येतो. विवराचा तळ दिसत नाही, आणि ते कुणी मुद्दाम पाडलेलंही नसतं. ‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा करण्यात जयंत नारळीकरांचा वाटा मोठा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ याच नावाची कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून ते नाव तयार झालं होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एका शास्त्रज्ञानं आपलं नाव झाकून लिहिलेल्या गोष्टीतून हा शब्द इतक्या वाचकांपुढे उघडा झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विवराला काठ असतो. कृष्णविवराच्या काठाला वुल्फगांग रिंडलर यांनी १९५६ साली ‘इव्हेंट होरायझन’ हे नाव दिलं, आपण त्याला घटना-क्षितिज म्हणतो. ‘होरायझन’च्या मुळाशी ग्रीक ‘होरोस’ आहे, म्हणजे हद्द, सीमा. आपलं क्षितिज मात्र हद्दीबद्दल काही बोलत नाही. क्षिती म्हणजे पृथ्वी, तिच्यापासून जन्मलेलं ते क्षितिज. म्हणूनच संस्कृतात मंगळालाही क्षितिज म्हणतात, भूमिपुत्र या अर्थानं. एरवी आपला शब्द अधिक सुंदर आहे, पण इथे ग्रीक शब्द कामाचा आहे. कारण पुढची सगळी गोष्ट हद्दीची आहे.

ती सुरू झाली जेकब बेकेनस्टाइन यांच्यापासून. १९७२-७३ मध्ये त्यांनी म्हटलं, की कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी असली पाहिजे आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असली पाहिजे. एन्ट्रॉपी हा शब्द रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ साली घडवला. ग्रीक ‘त्रोपे’ म्हणजे पालट, वळण. ‘एनर्जी’शी मिळताजुळता दिसावा म्हणून त्याला पुढे ‘एन’ लावला. मराठीत त्याला बरेचदा ‘अव्यवस्था’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. त्यात नाराजी आहे, जणू कुणी घर आवरलेलं नाही. एन्ट्रॉपी मोजते ती न दिसणारी शक्यता: बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या गोष्टीची आतली मांडणी किती प्रकारांनी झालेली असू शकते, याचा अंक. एन्ट्रॉपी म्हणजे न दिलेल्या विवरणाचं माप.

आता धान्याच्या कोठारात किती पोती मावतील हे कोठाराच्या लांबी-रुंदी-उंचीवरून ठरतं, भिंतींना किती चुना लागेल यावरून नाही. वायूची, पाण्याची, कोळशाच्या तुकड्याची एन्ट्रॉपी अशीच घनफळानं वाढते. कृष्णविवराची मात्र वाढते भिंतीच्या मापानं. हॉकिंग यांनी १९७४ साली कृष्णविवराला तापमान असतं हे दाखवलं आणि नेमका गुणक मिळाला: क्षितिजाचं क्षेत्रफळ प्लांकच्या मूलभूत एककांत मोजायचं आणि चारनं भागायचं. सूर्याइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर जेमतेम तीन किलोमीटर त्रिज्येचं असतं, पण त्याची एन्ट्रॉपी या मापात येते सुमारे एकावर सत्त्याहत्तर शून्यं इतकी. इतकी माहिती, आणि ती सगळी पृष्ठभागाच्या हिशेबात.

हेरार्ड ट होफ्ट यांनी १९९३ साली यातून एक धाडसी निष्कर्ष काढला. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम नियम एकत्र आले की कुठल्याही प्रदेशातल्या घडामोडींचा पूर्ण तपशील त्या प्रदेशाच्या पृष्ठभागावर मावतो. लेनर्ड ससकाइंड यांनी ही कल्पना पुढे नेली, आणि तिला शब्द मिळाला प्रकाशशास्त्रातून, होलोग्राम.

हा शब्द डेनिस गाबोर यांचा. हंगेरीत जन्मलेले गाबोर इंग्लंडात रग्बी इथल्या एका विद्युत कंपनीत काम करत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारण्याच्या खटपटीत त्यांना १९४७ साली ही रीत सुचली, आणि १९७१ मध्ये तिच्यासाठी नोबेल मिळालं. साधा फोटो फक्त प्रकाशाची तीव्रता टिपतो. गाबोर यांच्या रीतीत लाटेची कला, म्हणजे ती चढावर आहे की उतारावर, हेही टिपलं जातं. सपाट काचेवर खोलीसकट सगळं उतरतं. म्हणून ग्रीक ‘होलोस’, संपूर्ण, आणि ‘ग्रामा’, लिखित.

या दोन्ही तुकड्यांना आपल्याकडे नातेवाईक आहेत. ‘होलोस’ आणि संस्कृत ‘सर्व’ एकाच मूळ शब्दापासून निघाले. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला, आपल्याकडे ‘स’ टिकला. ‘ग्राफ’ आणि ‘लिख्’ यांचं मूळ वेगळं, पण चाल एकच: दोघांचाही पहिला अर्थ ओरखडणे, कोरणे. ‘लिख्’चाच ‘र’ घेतलेला जुळा म्हणजे ‘रिख्’, त्यावरून रेखा. होलोग्राम म्हणजे अक्षरशः ‘सर्वलेख’.

गाबोर यांच्या कितीतरी आधीपासून इंग्रजी कायद्यात ‘होलोग्राफ’ हा शब्द होता. लिहिणाऱ्यानं आरंभापासून शेवटापर्यंत स्वतःच्या हातानं लिहिलेला दस्त, विशेषतः मृत्युपत्र. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, दस्तुरखुद्द. आज आपण ‘दस्तुरखुद्द मुख्यमंत्री आले’ असं म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘स्वतः’ इतकाच घेतो. जुन्या पत्रव्यवहारात ‘दस्तुर’ म्हणजे हस्ताक्षर. कारकुनाकडून न लिहवता धन्यानं स्वहस्ते लिहिलेलं ते दस्तुरखुद्द. पेशवेकालीन कागदपत्रांत त्याचा अर्थ हा. ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याच्याच हातचा, पुरा, मधल्या माणसाविना आलेला मजकूर. ट होफ्ट आणि ससकाइंड जे म्हणत होते त्याला हा अर्थ प्रकाशशास्त्रातल्या अर्थाइतकाच जवळचा आहे. पृष्ठभागावर जे लिहिलं आहे ते सारांश नव्हे, संपूर्ण आहे.

पण १९९३ साली ही नुसती सूचना होती. कुठल्या पृष्ठभागावर, कुठल्या लिपीत, हे कुणाला सांगता येत नव्हतं. ते नोव्हेंबर १९९७ मध्ये ह्वान माल्दासेना यांनी एका उदाहरणापुरतं सांगितलं. अर्जेंटिनात जन्मलेले माल्दासेना तेव्हा तिशीतही नव्हते. त्यांचं विधान असं: एका खास वक्र अवकाशातला स्ट्रिंग सिद्धांत, गुरुत्वाकर्षणासकट, आणि त्या अवकाशाच्या हद्दीवरचा, गुरुत्वाकर्षण मुळीच नसलेला एक क्वांटम सिद्धांत, हे दोन्ही एकच आहेत. त्या अवकाशाचं नाव अँटी-डी सिटर. विलेम डी सिटर हे डच खगोलशास्त्रज्ञ. १९१७ साली त्यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांतून एक पदार्थशून्य विश्व काढलं होतं, त्याच्या वक्रतेचं चिन्ह उलटं केलं की हे मिळतं. या अवकाशाचं काठाशी कसं वागणं असतं याचा गणिती अभ्यास माल्दासेना यांच्या आधी, १९८४ साली, शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि अॅन मॅग्नन यांनी केलेला होता.

इंग्रजीत आतल्या जगाला ‘बल्क’ म्हणतात आणि काठाला ‘बाउंडरी’. बल्क हा मुळात नॉर्स खलाशांचा शब्द, जहाजात भरलेला माल. या जोडीला मराठीत मला गाभा आणि शीव हे शब्द घ्यावेसे वाटतात. गाभा गर्भापासून आला. केळीचा गाभा, लेखाचा गाभा, देवळाचा गाभारा. शीव म्हणजे सीमेचं मराठीत झिजून गोलसर झालेलं रूप. शेताची शीव, गावाची शीव. मुंबईचं शीव स्टेशन त्याच शब्दाचं, कारण मुंबई बेटाची हद्द तिथे संपत होती आणि पलीकडे साष्टी होती. इंग्रजी पाटीवरचं ‘सायन’ हे त्याचंच परक्या कानांनी ऐकलेलं रूप. दसऱ्याला सोनं लुटायला जाणं म्हणजे सीमोल्लंघन, आणि खेड्यापाड्यांत त्याचं झालेलं शिलंगण. शीव ही नकाशावरची नुसती रेघ नसते. तिथे म्हसोबा असतो, दगड असतो, भांडण असतं, दस्त असतात. गाव कुठवर, हे शीव सांगते. माल्दासेना म्हणतात त्याचं मराठी असं होईल: गाभ्यात जे घडतं ते सगळं शिवेवर लिहिलेलं आहे.

आता तो चुकीच्या वाटेनं नेणारा शब्द. ‘ड्युअॅलिटी’ म्हटलं की मराठी माणसाला ‘द्वैत’ सुचतं. लॅटिन ‘दुओ’ आणि आपला ‘द्वि’ सख्खे आहेत, त्यामुळे भाषांतर बिनचूक वाटतं. पण द्वैत म्हणजे दोनपणा. जीव वेगळा, ब्रह्म वेगळं. आठशे वर्षं कीर्तनांतून, प्रवचनांतून, मठांतल्या वादांतून या शब्दाला हा अर्थ घट्ट चिकटलेला आहे, तो एका पारिभाषिक सूचीनं सुटणार नाही. भौतिकशास्त्रातली ड्युअॅलिटी बरोबर उलट सांगते: वस्तू एकच, वर्णनं दोन. तर मग ‘अद्वैत’ म्हणावं? तोही मोह मला आवरावासा वाटतो. ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होतं’ या वाक्याचं दार तिथून उघडतं आणि मग ना पूर्वजांना न्याय मिळतो ना माल्दासेनांना. अद्वैत हा अनुभवाचा शब्द आहे. इथे बाब आकडेमोडीची आहे. एका बाजूला एक संख्या काढायची, दुसऱ्या बाजूला काढायची, आणि त्या जुळल्या पाहिजेत.

योग्य शब्द मराठीच्या व्यवहारात आधीपासून होता: दुभाषा. दुभाष्या म्हणजे दोन्ही भाषा येणारा, दोन दरबारांमधला माणूस. कोकणच्या आणि कोरोमंडलच्या बंदरांवर व्यापारासाठी आलेल्या इंग्रजांनी हाच शब्द ‘दुबाश’ म्हणून उचलला. होलोग्राफिक ड्युअॅलिटीत एकच विश्व दोन भाषांत सांगितलेलं आहे, दोन्ही भाषा पूर्ण आहेत, कुठलीही एक दुसरीची बोली नाही. आणि हे माझं रूपक नव्हे. या क्षेत्रात काम करणारे लोक स्वतः रोजच्या बोलण्यात ‘डिक्शनरी’ हाच शब्द वापरतात. एखादी राशी शिवेवर दिसली की विचारतात, कोशात हिला काय म्हणतात? कोशाचा पाया १९९८ साली घातला गेला. एकीकडे गब्सर, क्लेबानोव्ह आणि पोल्याकोव्ह यांनी, दुसरीकडे एडवर्ड विटन यांनी.

या कोशातल्या काही नोंदी फार सुंदर आहेत. शिवेवर कणांचा समूह एका ठरावीक तापमानाला आहे, असं म्हटलं की गाभ्यात त्याचा अर्थ होतो: आत एक कृष्णविवर आहे, त्याच तापमानाचं. समूहाला धक्का दिला आणि तो हळूहळू शांत झाला, तर गाभ्याच्या भाषेत कृष्णविवर घुमलं आणि त्याचा घुमारा विरत गेला. हा घुमारा सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणितानं ऐकला होता, तेव्हा या कोशाचा मागमूसही नव्हता. शिवेवर ‘बारकाईनं पाहणे’ आणि ‘ढोबळ पाहणे’ यांत जो फरक असतो तो गाभ्यात एक दिशा होऊन बसतो: काठाजवळ म्हणजे बारकाव्यात, आत खोल म्हणजे ढोबळात. जो फरक एका भाषेत क्रियाविशेषण होता तो दुसऱ्या भाषेत अंतर झाला. भाषांतर करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. एका भाषेतलं क्रियापद दुसरीत कधी कधी नामच होतं.

आणि दुभाष्याचा खरा उपयोग इथे कळतो. शिवेवरचे कण एकमेकांशी फार जोरानं बांधलेले असतात तेव्हा तिथलं गणित हाताबाहेर जातं. पण नेमक्या त्याच वेळी गाभ्यातलं गुरुत्वाकर्षण सौम्य, जुन्या आइनस्टाइनी वळणाचं होतं आणि कागद-पेन्सिलीनं सुटतं. एका भाषेत जे बोलताच येत नाही ते दुसरीत सोपं वाक्य असतं.

पहिलं मोठं फळ मिळालं ते चिकटपणाच्या बाबतीत. ‘व्हिस्कॉसिटी’ हा शब्द लॅटिन ‘विस्कुम’वरून आला. ते युरोपातलं एक बांडगूळ. त्याच्या पांढऱ्या फळांच्या चिकट रसानं फांद्या माखून पारधी पक्षी धरत. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला श्यानता म्हणतात. ‘श्यान’ म्हणजे थिजून दाट झालेलं. २००१ साली पोलिकास्त्रो, सॉन आणि स्टारिनेट्स यांनी जोरानं बांधलेल्या एका क्वांटम द्रवाची श्यानता कृष्णविवराच्या गणितानं काढली. तिला एन्ट्रॉपीच्या घनतेनं भागलं की उत्तर येतं ते अतिशय लहान: प्लांकचा घटवलेला स्थिरांक (ħ), आणि त्याखाली चार पाय (4π) गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक. २००५ मध्ये ही निसर्गातली किमान मर्यादा असावी असा अंदाज मांडला गेला. ती सर्वत्र अढळ नाही, हे पुढे दिसलं. पण त्याच सुमारास अमेरिकेत ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळून जे क्वार्क आणि ग्लुऑनचं रसायन मिळालं, ते या आकड्याच्या आसपास वाहताना आढळलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शिराज मिनवाला आणि सायंतनी भट्टाचार्य यांनी वेरोनिका हुबेनी आणि मुकुंद रंगमणी यांच्यासोबत २००७-०८ मध्ये याहून पुढचं दाखवलं: अशा अवकाशातल्या कृष्णविवराच्या क्षितिजावर सावकाश उठणाऱ्या तरंगांची समीकरणं सोडवली, की त्यांतून वाहत्या द्रवाचीच, म्हणजे नेव्हिए आणि स्टोक्स यांची, समीकरणं हाती येतात. आइनस्टाइनच्या पोटात नेव्हिए आणि स्टोक्स. कुलाब्याला समुद्राला लागून असलेल्या त्या इमारतीत स्पेंटा वाडिया आणि त्यांचे सहकारी स्ट्रिंग सिद्धांतातल्या कृष्णविवरांवर १९९६पासूनच काम करत होते, त्यामुळे या कोशात मुंबईच्या हातची बरीच पानं आहेत.

दुसरं फळ धातूंचं. मराठीत आणि संस्कृतात धातू म्हणजे लोखंड-तांबंही आणि क्रियापदाचं मूळही. दोन्हींच्या मागे ‘धा’, ठेवणे, धारण करणे. ज्याच्यावर बाकीचं उभं राहतं तो धातू. १९८६ साली सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांच्या अतिवाहकांनी एक नवा धातू पुढे आणला, त्याला भौतिकशास्त्रज्ञ ‘स्ट्रेंज मेटल’ म्हणतात, विचित्र धातू. साध्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन एकमेकांच्या गर्दीतूनही एकेकटे चालल्यासारखे वागतात. त्या एकेकट्या चालीला ‘क्वासिपार्टिकल’ म्हणतात. लॅटिन ‘क्वासि’ म्हणजे ‘जणू’, तेव्हा मराठीत जणू-कण म्हणायला हरकत नाही. विचित्र धातूत हा जणू-कणच उरत नाही. तापमान वाढेल तसा त्याचा विद्युतरोध सरळ रेषेत चढत जातो, आणि त्यावरून काढलेला इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्याचा कालावधी क्वांटम नियम परवानगी देतील तितका कमी असतो. नेहमीच्या तापमानाला तो असा: सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यांतले पंचवीस.

अशा धातूचं सगळ्यात नेटकं गणिती प्रतिरूप आज एसवायके या नावानं ओळखलं जातं. सुबीर सचदेव आणि जिनवू ये यांनी १९९३ साली, ट होफ्ट यांच्या त्याच वर्षात, विस्कळीत चुंबकांच्या अभ्यासासाठी ते मांडलं होतं. तेव्हा कृष्णविवर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मांडणी साधी: पुष्कळ कण घ्यायचे, आणि प्रत्येक चौकडीत यादृच्छिक जोराचा संबंध ठेवायचा. यात जवळचा-लांबचा असा भेदच नाही; सगळ्यांचे सगळ्यांशी संबंध, त्यामुळे अवकाश नावाची गोष्टच नाही. सचदेव यांच्या २०१० मध्ये लक्षात आलं की तापमान शून्याकडे नेलं तरी या प्रतिरूपात जी एन्ट्रॉपी शिल्लक राहते, तसंच विद्युतभारित कृष्णविवरांचंही होतं. २०१५ साली अलेक्सेई किताएव्ह यांनी सँटा बार्बरा इथल्या व्याख्यानांत या प्रतिरूपाला आणखी सोपं रूप दिलं आणि दाखवलं, की कमी तापमानाला त्याचं वागणं अशा कृष्णविवराच्या क्षितिजाजवळच्या पट्टीशी जुळतं. गोंधळ माजण्याचा वेगही तोच, निसर्गात शक्य तेवढा. चुंबकांची चौकशी करायला निघालेलं गणित वीस वर्षांनी क्षितिजाशी पोचलं.

दुभाष्याचं काम जोखमीचं असतं, हेही इथेच नोंदवायला हवं. २०२२च्या अखेरीस जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की गूगलच्या सिकॅमोर या क्वांटम संगणकावर शास्त्रज्ञांनी कृमिविवर (वर्महोल), म्हणजे अवकाशातल्या दोन ठिकाणांना जोडणारा बोगदा, तयार केलं. प्रत्यक्षात नऊ क्यूबिटांवर एसवायकेचं फार छाटलेलं रूप चालवलं होतं. शिवेच्या भाषेतलं एक छोटं वाक्य उच्चारलं गेलं. त्याचं गाभ्याच्या भाषेत भाषांतर ‘कृमिविवरातून संदेश गेला’ असं करता येईल की नाही, यावर पुढच्या वर्षी इतर भौतिकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. इतकं छाटल्यावर भाषाच ती राहते का, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. ज्यांनी ‘बनवलं’ हे क्रियापद मथळ्यात घातलं त्यांनी कोश उघडलाच नव्हता.

एक शब्द अजून राहिला, आणि या सगळ्यात तोच सर्वांत खोल जातो. १९३५ साली एर्विन श्रोडिंगर यांनी दोन कणांच्या त्या विलक्षण क्वांटम नात्याला नाव दिलं, जर्मनमध्ये ‘फेरश्रेंकुंग’ आणि इंग्रजीत ‘एन्टँगलमेंट’. जर्मन शब्द हाताची घडी घालताना हात जसे एकमेकांत जातात तसा आहे, नीट आणि जाणूनबुजून. इंग्रजी शब्दात जाळ्यात अडकल्याची चीड आहे. मराठीत लोक ‘गुंता’ म्हणतात, तो इंग्रजीच्या वळणाचा. गुंता सुताचा, केसांचा, मांजाचा, आणि तो सोडवायचाच असतो. मला ‘गुंफण’ बरा वाटतो. हार गुंफतात, वेणी गुंफतात. गुंफण सोडवली की हार उरत नाही.

२००६ साली शिनसेई र्यू आणि तदाशी ताकायानागी यांनी कोशात जी नोंद घातली ती याच शब्दाची. शिवेचा एक तुकडा घ्या. तो उरलेल्या शिवेशी किती गुंफलेला आहे? उत्तर गाभ्यात मोजता येतं: त्या तुकड्याच्या कडा धरून आत झुकणारा लहानात लहान पडदा घ्या, त्याचं क्षेत्रफळ काढा, चारनं भागा. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांचंच सूत्र, पण आता कृष्णविवर असण्याचीही गरज नाही. २०१० मध्ये मार्क व्हान राम्सडाँक यांनी हेच उलट्या बाजूनं वाचलं. शिवेच्या दोन अर्ध्या भागांमधली गुंफण हळूहळू कमी करत गेलो तर गाभ्यात काय होतं? तो पडदा आकसत जातो, मधला अवकाश ताणला जातो, चिमटतो, आणि शेवटी दोन तुकडे वेगळे होतात. गुंफण गेली की ‘इथून तिथवर’ हेच उरत नाही.

यासाठी इंग्रजीत ‘इमर्जंट’ म्हणतात, लॅटिन ‘मेर्गेरे’वरून, पाण्यात बुडणे, ‘ए’ लागला की पाण्यातून वर येणे. आपल्या ‘मज्ज्’चं, म्हणजे निमग्न-मग्नमधल्या बुडण्याचं मूळ तेच, तेव्हा ‘उन्मग्न’ हा त्याचा रक्ताच्या नात्यातला शब्द ठरतो. पण मराठी कानाला तो परका वाटेल, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. ‘अवकाश’ या शब्दात ‘काश्’ हा धातू आहे, दिसणे, प्रकट होणे. प्रकाश आणि आकाश त्याचेच. शिवाय मराठीत अवकाश जागेचाही असतो आणि वेळेचाही. लग्नाला अवकाश आहे म्हणतो तेव्हा मांडवाची जागा मोजत नसतो.

हा दुहेरी अर्थ लवकरच कामी येईल असं मला वाटतं, कारण कोशाचं सर्वांत अवघड पान तिथे आहे. आपलं विश्व अँटी-डी सिटर नाही. ते प्रसरण पावत आहे, आणि दूरच्या भविष्यात डी सिटर यांच्या मूळ विश्वाकडे झुकत आहे. त्यालाही क्षितिज आहे, आणि गिबन्स व हॉकिंग यांनी १९७७ साली दाखवल्याप्रमाणे त्या क्षितिजालाही तापमान आणि एन्ट्रॉपी आहे. मात्र ते प्रत्येक पाहणाऱ्याचं वेगळं. अशा विश्वात चालत जाऊन गाठावी अशी शीव अवकाशात कुठेच नसते. २००१ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर यांनी सुचवलं की ती काळात आहे, अनंत भविष्याच्या टोकाला. त्या शिवेवर कुठल्या कणांचा समूह आहे, त्याची भाषा कोणती, आणि तिच्यात ‘आत्ता’ हा शब्द कसा लिहायचा, यावर आज काम चालू आहे.